मोटार विम्याची दरसूची आणि कोटेशनची तुलना : सोलापूरच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

विम्याची मुदत संपत आली की मोटारधारक दोन-चार कंपन्यांची कोटेशन मागवितो, कागदाच्या तळाशी असलेला आकडा पाहतो आणि ज्या कागदावरचा आकडा सर्वांत लहान असेल तो उचलतो. ही कृती आज इतकी अंगवळणी पडली आहे की ती फार जुनी असावी असा समज होतो. प्रत्यक्षात भारतात मोटारीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर कंपनीगणिक वेगळे असण्यास १ जानेवारी २००७ रोजी प्रारंभ झाला. त्यापूर्वी पुण्यातील मोटारीला काय दर लागेल आणि सोलापुरातील मोटारीला काय, हे एका छापील दरसूचीत ठरलेले असे. त्या दरात सूट देण्याची मुभा कोणत्याही कंपनीला नव्हती.

विमाविषयक मराठी लेखनात या स्थित्यंतराचे वर्णन बहुधा 'मक्तेदारीकडून स्पर्धेकडे' अशा एका वाक्यात आटोपले जाते. ते वाक्य खोटे नाही, परंतु अपुरे आहे. दरसूचीच्या काळात विम्याची वस्तू एक होती आणि तिचा दरही एकच होता, त्यामुळे तुलना करण्याजोगे काही नव्हते. २००७ मध्ये दर मोकळे झाले, पण विमापत्राचा मजकूर मात्र पूर्वीचाच राहिला. वस्तू तीच आणि किंमत वेगवेगळी, अशी तुलनेला खऱ्या अर्थाने अनुकूल स्थिती जेमतेम दोन वर्षे टिकली. २००९ पासून मूळ विमापत्राला पुरवणी संरक्षणे जोडण्याची परवानगी मिळाली आणि वस्तूही वेगळी होऊ लागली. पुढे संगणकाच्या पडद्यावर तुलना सोपी झाली ती नेमकी ज्यांची तुलना करायची ते कागद एकमेकांपासून दूर गेल्यावर. प्रस्तुत लेखात हा प्रवास सोलापूरच्या मोटारधारकाला मध्यभागी ठेवून तपासला आहे.

सोलापूर, मोटार आणि विम्याची सक्ती

सोलापूरला १८६० मध्ये रेल्वे आली आणि १८७७ मध्ये पहिली कापडगिरणी निघाली. शहराची आर्थिक घडण या दोन घटनांनी झाली हे सर्वश्रुत आहे. मोटारीच्या इतिहासाशी सोलापूरचा संबंध मात्र फारसा आठवला जात नाही. प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीची १९४४ मध्ये मुंबईत स्थापना करणारे वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापुरात झाला. या कंपनीची फियाट, आणि पुढे 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने ओळखली गेलेली १०८९ सीसीची गाडी, डॉक्टर, वकील व कारखानदार यांच्या दारात तीन दशकांहून अधिक काळ उभी होती. पुणे-हैदराबाद रस्ता शहरातून जातो. दक्षिणेस विजापूर आणि उत्तरेस तुळजापूरमार्गे धुळ्याकडे जाणारा रस्ताही येथेच मिळतो. अवजड मालवाहतूक आणि घरगुती मोटार एकाच रस्त्यावर असणे हे येथील नित्याचे चित्र आहे आणि विम्याच्या दृष्टीने ते दुर्लक्षणीय नाही.

मोटार विम्याची सक्ती १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमातून आली. ब्रिटनमध्ये १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्याने अशी सक्ती आधीच लागू केली होती. भारतात अधिनियम १९३९ मध्ये अमलात आला तरी विम्यासंबंधीचे आठवे प्रकरण मात्र १ जुलै १९४६ रोजी लागू झाले. ही सक्ती मोटारीच्या मालकाच्या हितासाठी नव्हती. मालक हा पहिला पक्ष, विमा कंपनी दुसरा आणि रस्त्यावर ज्याला इजा होईल तो तिसरा. या तिसऱ्या पक्षाला भरपाई मिळावी एवढाच तिचा हेतू होता. १९८८ च्या अधिनियमाने, जो १ जुलै १९८९ पासून लागू झाला, हीच तरतूद अकराव्या प्रकरणात कायम ठेवली. मालकाच्या स्वतःच्या मोटारीचे नुकसान भरून देणारा विमा मात्र आरंभापासून आजतागायत ऐच्छिक आहे. सोलापुरात 'थर्ड पार्टी' आणि 'फुल इन्शुरन्स' असे जे दोन शब्द रूढ आहेत त्यांच्यामागे कायद्यातील हा भेद आहे. कोटेशन वाचताना पहिली गल्लतही बहुधा येथेच होते.

चार कंपन्या, एकच दर

सर्वसाधारण विम्यात कंपन्यांनी एकत्र येऊन किमान दर ठरविण्याची पद्धत ब्रिटिश कंपन्यांबरोबर भारतात आली. विमा अधिनियमात १९६८ मध्ये झालेल्या दुरुस्तीने टॅरिफ अॅडव्हायझरी कमिटी ही वैधानिक समिती निर्माण झाली आणि तिने ठरविलेली दरसूची सर्वांवर बंधनकारक झाली. १३ मे १९७१ रोजी शासनाने सर्वसाधारण विमा कंपन्यांचे व्यवस्थापन हाती घेतले. १९७२ च्या राष्ट्रीयीकरण अधिनियमानुसार १ जानेवारी १९७३ पासून १०७ विमा संस्थांचे चार कंपन्यांत एकत्रीकरण झाले. नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या त्या चार कंपन्या होत. म्हणजे एकसमान दर ही राष्ट्रीयीकरणाची देणगी नव्हे. ती त्याआधीच रुजलेली व्यवस्था होती. हा क्रम अनेकदा उलटा सांगितला जातो म्हणून येथे त्याचा उल्लेख आवश्यक वाटतो.

दर एकच असताना जिल्ह्याच्या ठिकाणचा मोटारधारक चारांपैकी एक कंपनी कशाच्या आधारे निवडीत असे? उत्तर उघड आहे. तो माणसांची तुलना करीत असे. विकास अधिकारी ओळखीचा आहे का, अपघातानंतर सर्व्हेअर किती दिवसांत येतो, कोणत्या गॅरेजचे बिल कार्यालयात फारशी कुरबूर न होता मंजूर होते, हे प्रश्न निर्णायक ठरत. वीस हजार रुपये व त्याहून अधिक रकमेच्या दाव्यासाठी परवानाधारक सर्व्हेअरचा अहवाल कायद्यानेच आवश्यक केला होता. त्यामुळे सर्व्हेअर हा या व्यवहारातील सर्वांत महत्त्वाचा माणूस ठरला. हप्त्याच्या पावतीवर ज्याचे नाव कधीच नसते, त्याच्यावर दाव्याची रक्कम ठरत असे.

दुसरी गोष्ट थोडी नाजूक आहे. विमा अधिनियम, १९३८ च्या कलम ४१ नुसार ग्राहकाला हप्त्यात किंवा कमिशनमध्ये सूट देणे निषिद्ध आहे. हे कलम दीर्घकाळ धाकाविना राहिले, कारण त्याचा भंग केल्यास दंड होता तो अवघ्या पाचशे रुपयांपर्यंत. २०१५ च्या दुरुस्तीने ही मर्यादा दहा लाख रुपयांवर नेली. दर छापील असला तरी कमिशनचा काही भाग परत मिळतो का, ही विचारणा त्या काळातील दबक्या आवाजातील तुलनाच होती असे म्हणावे लागेल.

या काळातील सर्वांत मोठा दोष मात्र मूल्याच्या व्याख्येत होता. २००२ पर्यंत विमा उतरविताना मोटारीची किंमत मालकाच्या अंदाजाने लिहिली जाई. हप्ता त्या किमतीवर आकारला जाई. मोटार चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर मात्र त्या दिवशीचा बाजारभाव काढला जाई आणि दोहोंपैकी जी रक्कम कमी ती हाती पडे. हप्ता एका किमतीवर आणि भरपाई दुसऱ्या किमतीवर, असा हा व्यवहार होता. चार कंपन्यांपैकी कोणाकडेही गेले तरी त्यातून सुटका नव्हती.

२००२ ची दरसूची आणि 'ब' विभाग

रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर आर. एन. मल्होत्रा यांच्या समितीने १९९४ मध्ये अहवाल दिला, १९९९ मध्ये विमा नियामक व विकास प्राधिकरणाचा कायदा झाला आणि २००० च्या उत्तरार्धात खासगी कंपन्यांना पुन्हा दार उघडले. पुण्यात मुख्यालय असलेली बजाज अलियान्झ २००१ मध्ये आली. परंतु नव्या कंपन्या आल्या तरी दर जुन्या पद्धतीनेच ठरत होते. २००१ ते २००६ या सहा वर्षांत खासगी आणि सरकारी कंपन्या एकाच दराने मोटार विमा विकत होत्या. त्यांच्यातील चढाओढ होती ती रोख पैसे न भरता दुरुस्ती करून देणारी गॅरेजे किती, दूरध्वनीवर दावा नोंदविता येतो का, अशा सेवांची.

१ जुलै २००२ रोजी नवी अखिल भारतीय मोटार दरसूची लागू झाली. मोटार विम्याच्या इतिहासात तिचे महत्त्व खासगीकरणाइतकेच आहे. तिने मालकाचा अंदाज व बाजारभाव यांतील वाद संपवून 'विमाधारकाचे घोषित मूल्य', म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले आयडीव्ही, ही संकल्पना आणली. त्या मॉडेलची उत्पादकाने जाहीर केलेली सध्याची विक्री किंमत घ्यायची, तीतून वयानुसार घसारा वजा करायचा आणि जी रक्कम उरेल ती वर्षभर दोघांनाही मान्य, अशी ही रीत. घसारा सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के असा ठरला. त्याहून जुन्या मोटारीचे मूल्य दोघांनी संमतीने ठरवायचे होते. हप्ता ज्या मूल्यावर घेतला तेच मूल्य भरपाईलाही आधार ठरले. ग्राहकाच्या दृष्टीने हा बदल दर मोकळे होण्यापेक्षाही न्याय्य होता, असे नमूद करणे भाग आहे.

याच दरसूचीने देशाचे दोन विभाग केले. खासगी मोटारींसाठी 'अ' विभागात अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली आणि पुणे ही आठ शहरे होती. उर्वरित सर्व भारत 'ब' विभागात होता. सोलापूर अर्थातच 'ब' मध्ये होते, आणि नागपूर व नाशिकही. पाच वर्षांच्या आतील आणि १००० सीसीपर्यंतच्या मोटारीला 'अ' विभागात घोषित मूल्याच्या ३.१२७ टक्के, तर 'ब' विभागात ३.०३९ टक्के दर होता. १००० ते १५०० सीसीच्या मोटारीसाठी हेच दर अनुक्रमे ३.२८३ व ३.१९१ टक्के होते. मारुती ८०० ही ७९६ सीसीची गाडी पहिल्या गटात बसे, तर पद्मिनी दुसऱ्यात. घोषित मूल्य दोन लाख रुपये धरल्यास पहिल्या गटातील मोटारीला पुण्यात ६,२५४ रुपये आणि सोलापुरात ६,०७८ रुपये मूळ हप्ता येई. फरक १७६ रुपयांचा. विभाग ठरे तो नोंदणी कार्यालयावरून. एमएच-१२ क्रमांकाची गाडी वर्षभर सोलापुरात फिरली तरी तिला पुण्याचा दर, आणि एमएच-१३ ची गाडी रोज पुण्यात असली तरी तिला सोलापूरचा.

विभागणीमागील तर्क महानगरातील गर्दी आणि चोरी यांचा असावा. पण मोटारीच्या नुकसानीचे स्वरूप शहरात एक आणि महामार्गावर दुसरे असते. गर्दीत पत्रा चेपतो, तर महामार्गावर मालमोटारीशी गाठ पडल्यास गाडीच संपते. तीन दिशांच्या महामार्गांवर वसलेल्या सोलापूरला शांत गावाच्या ओळीत बसविणारी ही दरसूची रस्त्यांपेक्षा शहरांच्या आकाराकडे अधिक पाहत होती.

सवलतीही छापील होत्या. दावा न केल्यास स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात पहिल्या वर्षानंतर २० टक्के आणि पुढे २५, ३५, ४५ व ५० टक्के अशी चढती नो क्लेम बोनसची सूट मिळे. ही सूट मोटारीची नसून मालकाची असते. गाडी विकली तरी ती मालकाकडेच राहते, पण मुदत संपून नव्वद दिवस उलटले तर बुडते. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाने मान्य केलेले चोरीविरोधी उपकरण बसविल्यास अडीच टक्के, कमाल ५०० रुपये, सवलत होती. मोठी ऐच्छिक वजावट स्वीकारणाऱ्यास आणखी सूट मिळे. म्हणजे २००२ ते २००६ या काळात ज्याला गणित येत होते त्याला आपला हप्ता कंपनीच्या कार्यालयात न जाता घरबसल्या रुपयापर्यंत काढता येत असे. पुढच्या कोणत्याही काळात ग्राहकाला ही सोय लाभली नाही.

२००७ : दर मोकळे, मजकूर बांधलेला

१ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या नुकसानीचा दर ठरविणे कंपन्यांवर सोपविण्यात आले. विमापत्रातील अटी, अपवाद आणि घसाऱ्याचे कोष्टक मात्र जुन्या दरसूचीतलेच ठेवले गेले. या टप्प्यावर दोन कंपन्यांचे कागद समोर ठेवले तर फरक जवळजवळ केवळ रकमेचा होता. स्वस्त कागद खरोखरच स्वस्त होता. २००२ च्या टक्केवाऱ्या आधारदर मानून त्यावर कंपनीने आपली सूट दाखवायची, ही मांडणीही याच काळात रूढ झाली. आज एखाद्या कोटेशनवर साठ-सत्तर टक्के सूट दिसते तेव्हा ती अशाच कोणत्या तरी आधारदरावरची असते. तिचा स्वतंत्र अर्थ काहीच नसतो.

२००९ पासून पुरवणी संरक्षणे आली. त्यांत सर्वाधिक खपलेले म्हणजे 'झिरो डेप्रिसिएशन', व्यवहारात 'झिरो डेप'. मूळ विमापत्रानुसार दुरुस्तीत बदललेल्या प्लास्टिक, रबर व नायलॉनच्या भागांची तसेच टायर व बॅटरीची निम्मीच किंमत मिळते, फायबरग्लासच्या भागांवर ३० टक्के कपात होते, काचेवर कपात नसते आणि धातूच्या भागांवर वयानुसार कपात होते. बंपर आठ हजारांचा असेल तर चार हजार मालकाचे. पुरवणी घेतल्यास ही कपात टळते. साहजिकच पुरवणीसह आणि पुरवणीविना अशा दोन कोटेशनची एकमेकांशी तुलना करणे निरर्थक ठरते. तरीही ती केली जाते, कारण दोन्ही कागदांच्या तळाशी एकेकच आकडा असतो.

आकडा लहान कशामुळे होतो

कोटेशनमधील आकडा लहान करण्याचा सर्वांत सोपा मार्ग घोषित मूल्यातून जातो. २००२ मध्ये जे मूल्य वाद मिटविण्यासाठी आणले गेले, तेच दर मोकळे झाल्यावर स्पर्धेचे साधन झाले. कंपन्या एका मर्यादेत ते वर-खाली करू देतात, आणि खाली केलेले मूल्य ग्राहकाला सवलतीसारखे भासते.

एक उदाहरण घेऊ. १००० सीसीच्या आतील एका मोटारीची जाहीर किंमत सहा लाख रुपये असून तिला दोन वर्षे पूर्ण होऊन तिसरे सुरू आहे. कोष्टकाप्रमाणे ३० टक्के घसारा वजा जाता मूल्य येते ४,२०,००० रुपये. 'ब' विभागाचा जुना ३.०३९ टक्के दर आधार मानून दोन कंपन्या सारखीच ५० टक्के सूट देतात असे समजू. पहिली मूल्य ४,२०,००० धरते आणि तिचा हप्ता ६,३८२ रुपये होतो. दुसरी मूल्य ३,६०,००० धरते आणि तिचा हप्ता ५,४७० रुपये होतो. १८ टक्के वस्तू व सेवा कर धरता दुसरा कागद सुमारे १,०७६ रुपयांनी स्वस्त दिसतो. दर मात्र दोघींचा एकच आहे. मोटार चोरीस गेली तर दुसऱ्या कागदाचा मालक ६०,००० रुपयांना मुकतो.

ही मोटार कर्जावर घेतलेली असेल, आणि नोकरदार वर्गातील बहुतेक मोटारी तशाच असतात, तर गोष्ट आणखी गंभीर होते. पूर्ण नुकसानीची रक्कम आधी बँकेकडे किंवा पतसंस्थेकडे वळती होते. थकबाकी ३,८०,००० असताना मूल्य ३,६०,००० ठरलेले असेल तर मोटार गेल्यावरही वीस हजारांचे कर्ज शिल्लक राहते, आणि सक्तीची वजावट त्याहून वेगळी.

याचा दुसरा परिणाम सहसा लक्षात येत नाही. दुरुस्तीचा खर्च घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल तर मोटार पूर्ण निकामी झाली असे मानले जाते. वरील उदाहरणात ही सीमा पहिल्या कागदावर ३,१५,००० आणि दुसऱ्यावर २,७०,००० रुपये येते. महामार्गावरील अपघातात २,९०,००० रुपयांचा खर्च निघाला, तर पहिल्या मालकाची मोटार दुरुस्त होऊन परत येते आणि दुसऱ्याची भंगारात जमा होते. हप्त्यातील हजार रुपये वाचविताना आपण हीही सीमा खाली आणली आहे, याची त्याला कल्पना नसते.

'इंजिन प्रोटेक्ट' या पुरवणीबाबत सोलापूरचा अनुभव बोलका आहे. पुराने झालेले नुकसान मूळ विमापत्रात येते. परंतु पाण्यात बंद पडलेली मोटार पुन्हा चालू करण्याच्या प्रयत्नात इंजिन बिघडले तर ते आनुषंगिक नुकसान समजून नाकारले जाते. अवर्षणप्रवण जिल्ह्यात ही पुरवणी कोणाला हवी, हा प्रश्न स्वाभाविक होता. ऑक्टोबर २०२० मधील अतिवृष्टीने आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला आलेल्या पुराने त्या प्रश्नाचे वजन बदलले.

आणखी एक भेद कोटेशनच्या वरच्या ओळीत असतो आणि तो कोणी वाचत नाही. वापर खासगी की भाड्याचा, हा तो भेद. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर आणि गाणगापूर या तीर्थक्षेत्रांच्या मधोमध सोलापूर आहे. रेल्वेने उतरलेल्या भाविकांना पांढऱ्या पाटीच्या खासगी मोटारीतून फिरवून आणणे हा येथील मोसमी व्यवसाय आहे. खासगी वापराचा हप्ता कमी असतो, परंतु त्या विमापत्रात भाड्याने वापर वगळलेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अमलेंदू साहू विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या प्रकरणात, भाड्याने वापरलेल्या खासगी मोटारीचा दावा सरसकट न फेटाळता 'नॉन-स्टँडर्ड' पद्धतीने तडजोडीच्या रकमेवर निकाली काढावा, अशी भूमिका घेतली. दिलासा आहे, पण तो अर्धवट आहे, आणि न्यायालयापर्यंत पोहोचल्यानंतरचा आहे.

तुलनेबाहेरचा भाग

तृतीय पक्षाचा हप्ता कधीच मोकळा झाला नाही. २००७ मध्ये तो १००० सीसीपर्यंतच्या मोटारीसाठी ६७० रुपये होता. १ जून २०२२ पासून केंद्र शासनाच्या अधिसूचनेने तो २,०९४ झाला. १५०० सीसीपर्यंत तो ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७ रुपये आहे. हा हप्ता सर्व कंपन्यांत सारखाच असल्याने कोटेशनच्या एकूण रकमेतून तो बाजूला काढून मगच उरलेल्या भागाकडे पाहणे योग्य होय. बहुतेक कोटेशनमध्ये तो वेगळ्या ओळीत दिलेलाही असतो.

नव्या मोटारीच्या बाबतीत गुंता वाढतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ मधील निर्देशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसाठी तृतीय पक्षाचा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र वर्षाचा असू शकतो आणि १ सप्टेंबर २०१९ पासून तो स्वतंत्रपणे दुसऱ्या कंपनीकडूनही घेता येतो. पहिल्या वर्षाच्या कोटेशनमध्ये तीन वर्षांचा तृतीय पक्ष आणि दुसऱ्या वर्षाच्या कोटेशनमध्ये तो अजिबात नाही, अशी स्थिती असते. दुसऱ्या वर्षी आकडा एकदम उतरल्याचे श्रेय मग नव्या कंपनीच्या खात्यावर जमा होते. मालक-चालकाच्या पंधरा लाख रुपयांच्या अपघात विम्याचेही तसेच आहे. २०१९ पासून, ज्याच्याकडे असे संरक्षण आधीच आहे त्याला तो वगळण्याची मुभा आहे. स्वस्त कोटेशनमध्ये तो कधी कधी मालकाला न विचारताच वगळलेला दिसतो.

कागदाची भाषा

२०१३ मध्ये वेब अॅग्रिगेटर कंपन्यांसाठी नियम झाले आणि तुलना पडद्यावर आली. २०१७ मध्ये मोटार विक्रेत्यांना विमा सेवा पुरवठादार म्हणून रीतसर मान्यता देण्यात आली. त्यामुळे नवी मोटार घेताना विम्याचा कागद शोरूममध्येच तयार होतो, आणि बिलाच्या सात-आठ ओळींतील ती एक ओळ होऊन जाते. एका बाजूला वीस कंपन्यांचे आकडे एका दृष्टिक्षेपात आणि दुसऱ्या बाजूला एकच आकडा, अशी दोन टोके आज शेजारी-शेजारी आहेत. पडद्यावरील यादी हप्त्याच्या चढत्या क्रमाने लागते. घोषित मूल्याच्या क्रमाने ती लावून पाहण्याचा विचार फार थोड्यांच्या मनात येतो.

सोलापुरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी घरे मोठ्या संख्येने आहेत. विमापत्र मात्र बहुधा इंग्रजीतच हाती पडते. विमाधारकांच्या हितरक्षणासाठी २००२ मध्ये झालेल्या नियमांत, प्रपत्रे व कागदपत्रे परिस्थितीनुसार राज्यघटनेने मान्य केलेल्या भाषांत उपलब्ध करून देता 'येतील' असे म्हटले होते. 'दिली पाहिजेत' असे नव्हते. २०२४ मध्ये प्राधिकरणाने विमापत्रातील मुख्य बाबी सोप्या शब्दांत सांगणारे ग्राहक माहितीपत्रक सर्वसाधारण विम्यातही आणले. त्यात काय मिळते, काय वगळले आहे आणि वजावट किती, हे थोडक्यात असते. पण ते विमापत्रासोबत येते, म्हणजे कंपनी निवडून झाल्यावर. निवडीच्या वेळी ग्राहकापुढे असते ते कोटेशनच, आणि त्यावर दावा नाकारला गेल्यास दाद मागण्याच्या जागा दोन : जिल्हा ग्राहक आयोग सोलापुरातच आहे, तर पन्नास लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी ऐकणारे विमा लोकपाल पुण्यात, अडीचशे किलोमीटरवर.